गल्ल्यावरचा नकार: बंदूकविक्रीविषयीच्या एका लोकप्रिय युक्तिवादाचा प्रतिवाद

अमेरिकेत एखाद्या शाळेत गोळीबार झाला आणि त्यानंतर एखाद्या मोठ्या दुकानसाखळीने बंदुकांच्या विक्रीवर स्वतःहून काही बंधने घातली, की एक ठरावीक युक्तिवाद फिरू लागतो. तो थोडक्यात असा: दुकानदाराने माल विकावा, राजकारण करू नये, असा नकार म्हणजे नागरिकांच्या घटनादत्त हक्कावर गदा आहे, असल्या उचापती करणाऱ्या कंपन्यांचा धंदा बसतो, आणि एवढे करूनही एकही जीव वाचत नाही, कारण ज्याला बंदूक हवी तो ती दुसरीकडून मिळवतोच. १४ फेब्रुवारी २०१८ रोजी फ्लोरिडातील पार्कलँड येथील शाळेत १७ जण मारले गेल्यानंतर हे चारही आक्षेप एकत्रित स्वरूपात सर्वदूर पोहोचले. चारही विधाने सारखीच कच्ची नाहीत. शेवटच्या विधानात दखल घेण्याजोगे सत्य आहे, पहिल्यात मात्र जवळजवळ काहीच नाही, आणि सगळा युक्तिवाद उभा आहे तो त्या पहिल्याच विधानावर.

दुकानदार हा बंदुकीच्या व्यवहारात निव्वळ माल देऊन पैसे घेणारा तटस्थ माणूस असतो, हे त्यातले गृहीतक. भारतातील वाचकाला यातली गोम चटकन लक्षात येत नाही, कारण आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हा दंडाधिकारी परवाना देतात, २१ वर्षांखालील व्यक्तीला साधारणतः तो मिळत नाही, आणि विक्रेत्यासमोर ग्राहक येतो तो चौकशी पूर्ण झाल्यावर, परवाना हातात घेऊन. अमेरिकेच्या संघीय कायद्यात असा पूर्वपरवाना नाही. तिथे ग्राहकाकडून अर्ज भरून घेणे, त्याचे ओळखपत्र पाहणे, एफबीआयच्या यंत्रणेकडे किंवा राज्याच्या संबंधित विभागाकडे त्याच्या पार्श्वभूमीची तपासणी मागणे आणि उत्तर आल्यावर बंदूक त्याच्या हाती देणे, ही सारी कामे परवानाधारक विक्रेत्याने आपल्या दुकानात करायची असतात. म्हणजे शासनाने चौकशीचे टेबल दुकानदाराच्या गल्ल्यालाच जोडून ठेवले आहे. अशा विक्रेत्याला ‘तू फक्त विक, विचार करू नकोस’ असे सांगणे त्या कायद्याच्या रचनेशीच विसंगत आहे.

हे केवळ तात्त्विक नाही. तपासणीचे उत्तर तीन कामकाजाच्या दिवसांत आले नाही, तर संघीय कायदा विक्रेत्याला बंदूक देण्याची मुभा देतो. देण्याची मुभा, सक्ती नव्हे. १७ जून २०१५ रोजी दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्सटन येथे एका चर्चमध्ये नऊ जणांची हत्या करणाऱ्या तरुणाला पिस्तूल मिळाले ते याच मार्गाने: तपासणी रखडली, मुदत उलटली, दुकानदाराने पिस्तूल दिले. ती विक्री व्हायला नको होती, असे एफबीआयच्या तत्कालीन संचालकांनी नंतर जाहीरपणे मान्य केले. दुकानदाराने मात्र कायदा मोडला नव्हता. याउलट वॉलमार्ट या दुकानसाखळीचा नियम असा की, तपासणीत स्पष्ट होकार आल्याशिवाय बंदूक द्यायचीच नाही, मग कितीही दिवस लागोत. या नियमाला राजकारण म्हणायचे असेल, तर मुदत उलटताच बंदूक देऊन टाकणे हेही राजकारणच ठरते, कारण कायद्याने दोन्ही पर्याय उघडे ठेवले आहेत आणि त्यांतून निवड विक्रेत्यालाच करायची आहे.

पार्कलँडनंतर दोन आठवड्यांनी, २८ फेब्रुवारी २०१८ रोजी, डिक्स स्पोर्टिंग गुड्स या क्रीडासाहित्य विकणाऱ्या दुकानसाखळीने लष्करी धाटणीच्या रायफली आणि जास्त क्षमतेची मॅगझिने (बंदुकीला जोडायच्या गोळ्यांच्या पेट्या) विकणे बंद केल्याचे जाहीर केले आणि कोणतीही बंदूक घेण्यासाठी २१ वर्षांची अट घातली. कंपनीचे प्रमुख एडवर्ड स्टॅक यांनी सांगितलेले कारण गल्ल्याशीच निगडित होते. पार्कलँडच्या हल्लेखोराला नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यांच्याच दुकानातून एक शॉटगन विकली गेली होती. सगळे नियम पाळले गेले होते. हल्ल्यात ती शॉटगन वापरली गेली नाही, पण ती वापरली जाऊ शकली असती, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्या हातून काय विकले गेले याची बिले चाळणाऱ्या व्यापाऱ्याला राजकारणी ठरवण्यासाठी शब्दाचा अर्थ फारच ताणावा लागतो.

दुसरे विधान हक्काचे. शस्त्र बाळगण्याचा हक्क सांगणारी अमेरिकी राज्यघटनेची दुसरी दुरुस्ती शासनाला बांधते, दुकानाला नाही. आपल्या मांडणीवर काय ठेवायचे आणि काय नाही हे ठरवल्याने कोणाचा शस्त्र बाळगण्याचा हक्क जात नाही, जसे एखाद्या वृत्तपत्राने लेख परत पाठवल्याने कोणाचे भाषणस्वातंत्र्य जात नाही. शस्त्र बाळगणे हा वैयक्तिक हक्क आहे असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली हेलर खटल्यात स्पष्ट केले, त्याच निकालपत्रात शस्त्रांच्या व्यापारी विक्रीवर अटी घालणाऱ्या कायद्यांविषयी शंका घेण्याचा आपला हेतू नाही, असेही नमूद आहे. मार्च २०१८ मध्ये ओरेगन राज्यातील एका २० वर्षांच्या तरुणाने डिक्स आणि वॉलमार्ट यांच्यावर खटला भरला, तो वयावरून होणाऱ्या भेदभावाविरुद्धच्या राज्य कायद्याखाली, दुसऱ्या दुरुस्तीखाली नव्हे. तो आक्षेप विचारात घेण्याजोगा होता. घटनादत्त हक्काचा आक्षेप तसा नाही.

खासगी नकार आणि शासकीय दडपण यांतील सीमारेषा महत्त्वाची आहे, हे मात्र खरे. न्यूयॉर्कच्या एका अधिकाऱ्याने नॅशनल रायफल असोसिएशन या बंदूकधारकांच्या संघटनेशी संबंध तोडण्यासाठी विमा कंपन्यांवर दबाव आणल्याच्या तक्रारीत सर्वोच्च न्यायालयाने ३० मे २०२४ रोजी एकमताने या संघटनेच्या बाजूने कौल दिला: ज्या मताचा राग येतो ते दडपण्यासाठी सरकारी अधिकाऱ्याने खासगी कंपन्यांना धाक दाखवणे घटनाबाह्य आहे. हे तत्त्व मान्य करणाऱ्यांनी २०१८ सालचे जॉर्जिया राज्यही आठवावे. डेल्टा एअरलाइन्सने या संघटनेच्या सभासदांची सवलत बंद केली. ती सवलत घेऊन विकली गेलेली तिकिटे होती अवघी १३. तेवढ्यावरून राज्याच्या विधिमंडळाने विमानाच्या इंधनावरील सुमारे ४ कोटी डॉलरची प्रस्तावित करसवलत विधेयकातून काढून टाकली, आणि आपल्या पाठिंब्याची अट काय आहे हे उपराज्यपालांनी आधीच उघडपणे सांगितले होते. त्या वर्षी सरकारी बळ वापरून कोणी कोणाला शिक्षा केली, असे विचारले तर उत्तर या युक्तिवादाच्या विरुद्ध बाजूला पडते. (ती करसवलत राज्यपालांनी त्याच उन्हाळ्यात स्वतःच्या आदेशाने परत दिली, यावरून मूळ शिक्षेमागे अर्थशास्त्र किती होते याचा अंदाज यावा.)

यातून एक अंतर्विरोधही दिसतो. दुसरे विधान म्हणते की दुकानाच्या नकाराने नागरिकाचा हक्क हिरावला जातो, आणि चौथे म्हणते की नकाराचा काहीच उपयोग नाही, कारण तीच बंदूक पलीकडच्या दुकानात मिळते. या दोन्ही गोष्टी एका श्वासात बोलता येत नाहीत.

धंदा बसतो, या तिसऱ्या विधानामागे एक खरी कहाणी आहे आणि ती टाळून उत्तर देणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. मार्च २००० मध्ये स्मिथ अँड वेसन या जुन्या बंदूक उत्पादक कंपनीने क्लिंटन प्रशासनाशी करार करून बंदुकांना सुरक्षा-कुलपे देण्याचे आणि विक्रेत्यांवर शिस्तीच्या अटी घालण्याचे मान्य केले. कोलंबाइन शाळेतील हत्याकांडाला तेव्हा वर्षही झाले नव्हते. बंदूकप्रेमींनी कंपनीवर बहिष्कार टाकला, विक्री कोसळली, आणि ज्या टॉमकिन्स समूहाने ही कंपनी १९८७ साली ११ कोटी २५ लाख डॉलरना घेतली होती, त्याने ती २००१ साली दीड कोटी डॉलर रोख आणि कर्जाची जबाबदारी एवढ्यावर विकून टाकली. ही जखम त्या उद्योगाच्या स्मरणात पक्की बसली.

पण स्मिथ अँड वेसनचा सगळा गिऱ्हाईकवर्गच बंदुका घेणारा होता. ज्या दुकानात क्रिकेटच्या बॅटी आणि बुटांसोबत एका कोपऱ्यात बंदुका असाव्यात तशा प्रकारच्या दुकानाचे गणित निराळे असते. (अमेरिकेत अर्थात बेसबॉलच्या बॅटी.) डिक्सलाही झळ बसली: २०१८ मध्ये तिच्या जुन्या दुकानांची विक्री सुमारे ३ टक्क्यांनी घटली, आणि या निर्णयाची किंमत सुमारे २५ कोटी डॉलरच्या विक्रीएवढी असल्याचे स्टॅक यांनीच सांगितले. कंपनीने हातातल्या सुमारे ५० लाख डॉलरच्या रायफली उत्पादकांकडे परत न पाठवता नष्ट केल्या. मात्र बंदुका काढून मोकळ्या झालेल्या जागेत दुसरा माल मांडल्यावर त्या दुकानांचा व्यवसाय सुधारलेला दिसला, म्हणून २०१९ मध्ये आणखी १२५ दुकानांतून शिकारीचा विभागच हलवण्यात आला, आणि त्या वर्षी विक्री पुन्हा ३ टक्क्यांहून अधिक वाढली. बंदुका काढल्याने नफा वाढतो असा सिद्धान्त यावरून मांडणे घाईचे होईल, परंतु धंदा बसतोच हे विधान खोटे ठरवायला एवढे उदाहरण पुरते.

आता चौथे आणि सर्वांत वजनदार विधान: यामुळे कोणाचा जीव वाचतो? अमुक दुकानाच्या नकारामुळे अमुक हल्ला टळला, असे दाखवणारा पुरावा माझ्याकडे नाही, आणि घडले नाही ते मोजण्याची सोयही नाही. शिवाय काही हल्ल्यांत असा नकार खरोखरच कुचकामी ठरला असता. सँडी हुक येथील शाळेत १४ डिसेंबर २०१२ रोजी २० मुले आणि सहा मोठी माणसे मारणाऱ्याने वापरलेली शस्त्रे त्याच्या आईने रीतसर विकत घेतलेली होती. व्हर्जिनिया टेक या विद्यापीठात १६ एप्रिल २००७ रोजी ३२ जण मारले गेले, त्यांत मुंबईहून शिकायला गेलेली एक विद्यार्थिनीही होती. तिथला हल्लेखोर २३ वर्षांचा होता आणि त्याच्याकडे रायफल नव्हे तर दोन पिस्तुले होती. देशातील बंदुकांच्या एकूण बळींकडे पाहिले तर २०२२ मध्ये ते सुमारे ४८ हजार होते आणि त्यांतील निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. लष्करी धाटणीच्या रायफली मांडणीवरून उतरवल्याने या आकड्यात मोठा फरक पडेल, असे कोणी म्हणू नये.

तरीही ‘मिळवायची तो मिळवतोच’ हे सूत्र शाळांतील हल्ल्यांच्या काही ठळक उदाहरणांतच टिकत नाही. पार्कलँडच्या हल्लेखोराने रायफल घेतली ती वयाच्या १८ व्या वर्षी, परवानाधारक दुकानातून, कायदेशीरपणे. टेक्सासमधील युव्हाल्डी येथे २४ मे २०२२ रोजी १९ मुले आणि दोन शिक्षिकांचा जीव घेणाऱ्याने १८ वा वाढदिवस होताच काही दिवसांत दोन रायफली कायदेशीरपणे खरेदी केल्या. हे काळ्या बाजारातले सराईत नव्हते. गल्ल्यावर उभे राहून रीतसर पैसे मोजणारे नवखे गिऱ्हाईक होते. सराईत गुन्हेगाराला आडमार्ग माहीत असतो, असे मानले तरी तोच मार्ग १८ वर्षांच्या एकलकोंड्या मुलालाही तितकाच सोपा असतो, हे या युक्तिवादात कुठेच सिद्ध केलेले नसते. ते गृहीत धरलेले असते.

कंपन्यांच्या निर्णयांवर खरा घेता येण्याजोगा आक्षेप वेगळाच आहे: ते मागे घेता येतात. सँडी हुकनंतर डिक्सने आपल्या मुख्य दुकानांतून अशा रायफली काढल्या होत्या, पण लवकरच त्याच कंपनीने फील्ड अँड स्ट्रीम नावाने उघडलेल्या दुकानांत त्या विकायला सुरुवात केली. रायफली बंद करण्याचा २०१८ चा निर्णय घ्यावा लागला तो त्या ३५ दुकानांसाठी. म्हणूनच हे निर्णय कायद्याची जागा घेऊ शकत नाहीत, आणि तसा दावा त्या कंपन्यांनीही केलेला नाही. स्टॅक यांनी पहिल्याच दिवशी लोकप्रतिनिधींकडे वयाची अट २१ करण्याची आणि सर्व खरेदीदारांच्या तपासणीची मागणी केली होती, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये १४५ कंपन्यांच्या प्रमुखांनी सिनेटला पत्र लिहून तपासणीची व्याप्ती वाढवण्यास सांगितले.

फ्लोरिडाने ९ मार्च २०१८ रोजी २१ वर्षांची अट कायद्यात आणली. संघीय पातळीवर जून २०२२ च्या कायद्याने २१ वर्षांखालील खरेदीदाराच्या बाबतीत संशय आल्यास तपासणीची मुदत दहा कामकाजाच्या दिवसांपर्यंत वाढवली. त्याहून मोठ्या वयाच्या ग्राहकासाठी तीन दिवसांची ती जुनी मुदत संघीय कायद्यात तशीच आहे, आणि ती उलटल्यावर बंदूक द्यायची की उत्तराची वाट पाहायची, हे आजही गल्ल्यावरचा माणूसच ठरवतो.