माले आणि मला

टोरांटोला आमची मुलगी साडेतीन वर्षांची असताना बालशाळेत जाऊ लागली आणि पहिले सहा-सात आठवडे तिथे एक शब्दही बोलली नाही. घरी मात्र ती माझ्याशी मराठीत अखंड बडबडायची, आणि धुळे जिल्ह्यातल्या साक्रीहून माझ्या आईचा फोन आला की तिच्या "काय करी ऱ्हायनी?" या प्रश्नाला "माले भूक लागनी" (मला भूक लागली) असे आमच्या खानदेशातल्या अहिराणी बोलीत चोख उत्तर द्यायची. शिक्षिकेने काळजीपोटी सुचवले की घरातही इंग्रजीच बोला, म्हणजे मुलीचा गोंधळ होणार नाही. मी ते मानले नाही. नव्या भाषेत शिरताना काही काळ गप्प राहून ऐकणे या वयात नेहमीचेच असते. एकेका भाषेतले शब्द कमी वाटले, तरी सगळ्या भाषांतले मिळून मोजले की ती उणीव बरीचशी भरून निघते.

याच शहरातल्या यॉर्क विद्यापीठात एलेन बियालिस्टॉक यांनी द्वैभाषिक मुलांवर दीर्घकाळ संशोधन केले. नियम ध्यानात ठेवणे, पहिल्या ऊर्मीला आवर घालणे आणि नियम बदलला की स्वतःला वळवणे, या कार्यकारी क्षमतांत अशी मुले पुढे असतात, असे त्यांना आढळले. त्यांनी वापरलेला पत्त्यांचा खेळ मी घरी करून पाहिला. आधी पत्ते रंगाप्रमाणे लावायचे, मग आकाराप्रमाणे. "आता आकार बघायचा" हे मुलगी तोंडाने बरोबर सांगत होती, पण लाल ससा तिचा हात पुन्हा लाल रंगाच्याच ढिगावर ठेवत होता. वर्षभराने तिला ते सहज जमले. त्याचे श्रेय अहिराणीला द्यावे असे मला फार वाटले. परंतु एकच भाषा बोलणाऱ्या बहुतेक मुलांनाही ते पाचव्या वर्षापर्यंत जमतेच. शिवाय २०१९ मध्ये अमेरिकेतल्या नऊ-दहा वर्षांच्या सुमारे साडेचार हजार मुलांच्या अभ्यासात असा लाभ दिसला नाही. म्हणून बुद्धी तल्लख होईल या आमिषाने घरची भाषा टिकवा, असे मी कोणत्याही स्थलांतरित पालकाला सांगणार नाही. आजीशी बोलता यावे, एवढे कारण मला पुरेसे वाटते.

२०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा निर्णय झाला, त्यावर महाराष्ट्र पेटला आणि २९ जूनला शासनाने तो मागे घेतला. सहा वर्षांच्या मुलावर तिसरी भाषा लादू नये, हे मलाही पटले होते. पण त्या साऱ्या चर्चेत पहिली भाषा कोणती, हे कोणी विचारले नाही. धुळ्याच्या खेड्यातले अहिराणी बोलणारे किंवा अक्कलकुव्याचे भिली बोलणारे मूल अंगणवाडीत येते, तेव्हा गाव न सोडताही ते माझ्या मुलीच्याच जागी उभे असते. पाचवीपर्यंत शक्यतो घरच्या भाषेत शिकवावे, असे २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सांगते. मग ते घर मुलाचेच धरायला हवे.

गेल्या दिवाळीत माहेरी असताना मी एका अंगणवाडीत बसले होते. एक मुलगा म्हणाला, "बाई, माले पानी द्या." सेविकेने पेला हातात धरून ठेवला आणि "आधी मला म्हण" असे सांगितले. तो खाली पाहत राहिला, शेवटी "मला" म्हणाला, पाणी प्यायला आणि मी निघेपर्यंत पुन्हा बोलला नाही. तीच सेविका मदतनीस बाईंशी मात्र सकाळपासून अहिराणीतच बोलत होती. तिच्याकडे दोन्ही भाषा आहेत, आणि टोरांटोच्या कोणत्याही शिक्षिकेला माझ्या मुलीसाठी जे करता आले नसते, ते तिला त्या क्षणी करता आले असते: पाणी आधी द्यायचे, "माले पानी" म्हणत त्याला जवळ घ्यायचे, आणि "मला पाणी" हा शब्द त्यानंतर त्याच्या कानावर घालायचा.