साडेतीन मुहूर्त, साडेतीन चमचे

रविवारी जेवणं उरकल्यावर मी टेबलावर सहा डबे मांडले आणि घरात जाहीर केलं, आज चाचणी परीक्षा. स्टिकी टॉफी पुडिंग, बनॉफी पाय, लेमन मेरिंग, रुबार्ब क्रंबल, ब्लॅक फॉरेस्ट आणि सॉल्टेड कॅरमल. सगळी दही. म्हणजे डब्यावर तसं छापलंय. आमच्या इंग्लंडमधल्या रेडिंगच्या सुपरमार्केटात साधं पांढरं दही हवं असेल तर हल्ली खाली वाकावं लागतं, डोळ्यांसमोरच्या फळीवर सगळी मिठाई उभी असते.

निकाल आधी सांगून टाकते. पहिला नंबर लेमन मेरिंगचा, आणि त्यात वशिला नाही. दह्याचा स्वतःचा आंबटपणा लिंबाला सांभाळून घेतो. डब्याच्या छोट्या कप्प्यात मेरिंगचे तुकडे असतात, ते वरून ओतायचे. पहिल्या चमच्याला कुरकुरीत, तिसऱ्याला दातांना चिकटणारे, पाचव्याला नाहीसे. पाडव्याच्या गुढीवरची साखरेची गाठी फोडून दह्यात टाकली तर हुबेहूब असंच लागेल. रुबार्ब दुसरा, अंबाडीच्या देठाची आठवण करून देणारा आंबटपणा आहे, आणि तो साखरेला शेवटपर्यंत शरण जात नाही. स्टिकी टॉफीत काकवीचा वास येतो आणि दह्याचा अजिबात येत नाही. बनॉफी म्हणजे फ्रिजमध्ये विसरलेलं शिकरण. ब्लॅक फॉरेस्टचा एक चमचा घेतला आणि लहानपणीचं खोकल्याचं औषध आठवलं, डबा तसाच राहिला. सॉल्टेड कॅरमलबद्दल मत देता येत नाही, कारण मी रुबार्बवर बोलत असताना नवऱ्याने तो संपवला होता.

लेकाने सहाही चाखले, चमचा चाटला आणि विचारलं, "आई, यातलं दही कुठलं?"

हा प्रश्न मी स्वतःला वर्षभर उशिरा विचारला होता. तो शाळेत जायला लागला तेव्हा डब्यात रोज काय द्यायचं ही माझी सकाळची कटकट होती. शेजारच्या बाईने फळांच्या चवीचं, कार्टूनवाल्या झाकणाचं एक दही सुचवलं, आणि मला हायसं वाटलं. दहीच तर आहे! परीक्षेला निघताना आजी तळहातावर घालायची ते दही. पोट बिघडलं की दहीभात, ऊन लागलं की ताक, गोकुळाष्टमीला हंडीतलं, मिसळीबरोबर वाटीतलं. मराठी माणसाच्या मनात दह्याचं चारित्र्य निष्कलंक आहे. 'योगर्ट' या शब्दाचं डोक्यात आपोआप भाषांतर झालं आणि त्या भाषांतराबरोबर ते सगळं पुण्यही त्या डब्याला चिकटलं. वर्षभराने दातांच्या डॉक्टरांनी दोन दाढा किडल्याचं सांगितलं, आणि रोज काय खातो म्हणून विचारलं. मी मोठ्या अभिमानाने दही म्हणाले.

घरी येऊन झाकण उलटं केलं. शंभर ग्रॅमला १४ ग्रॅम साखर, डबा दीडशे ग्रॅमचा, म्हणजे २१ ग्रॅम. यातली सगळी वरून घातलेली नसते हे नंतर कळलं. साध्या दह्यातही दुधाची स्वतःची साखर असते, शंभराला चार-पाच ग्रॅम, आणि इथला आकडा दोन्ही मिळून असतो. ती वजा केली तरी चौदा ग्रॅम उरतात. चहाचा एक चमचा चार ग्रॅमचा धरला तर साडेतीन चमचे. आजी तळहातावर घालायची ते चमचाभर दही आणि चिमूटभर साखर, तेही सहामाहीला आणि वार्षिकला. मी तेच औक्षण लेकाचं रोज सकाळी करत होते, शाळा भरायच्या वेळेला, साडेतीन चमच्यांनी.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण आमचा घरचा ग्रुप. गेल्या वर्षी, जुलै २०२५ मध्ये, नागपूरच्या एम्समध्ये सामोसे-जिलब्यांच्या शेजारी इशाऱ्याचे फलक लागणार अशी बातमी आली आणि ग्रुपवर दंगल झाली. काका म्हणाले, आता जिलबीवर सिगारेटसारखं चित्र छापा. धाकटा भाऊ म्हणाला, बरं झालं, लोकांना अक्कल येईल. दोन दिवसांत केंद्राने खुलासा केला की फेरीवाल्यांच्या पदार्थांवर इशारा छापायचा वगैरे काही प्रस्ताव नाही, कार्यालयांमध्ये तेल आणि साखरेची माहिती देणारे फलक लावा एवढंच सुचवलंय. तोवर काकांनी जिलबीच्या बचावासाठी पेशव्यांपर्यंत इतिहास नेला होता. परवा वहिनीने नाशिकच्या गंगापूर रोडच्या एका दुकानातून गुलाबजामच्या चवीच्या दह्याचा फोटो टाकला आणि तेच भांडण जिथे थांबलं होतं तिथून सुरू झालं. भावाने मला ओढलं, "ताई, तू सांग. तुमच्याकडे कसं असतं?"

'तुमच्याकडे' हा शब्द मला टोचतो, पण असो.

माझं म्हणणं असं की दोघंही चुकीच्या फळीकडे बोट दाखवतायत. जिलबीने कधी कुणाला फसवलंय? ती कढईतून निघते, पाकात बुडते, सगळं तुमच्या डोळ्यांदेखत. दहीपुलाच्या आसपास सकाळी जिलबीसाठी उभं राहणाऱ्या एकालाही ती पौष्टिक आहे असा भ्रम नसतो. श्रीखंडाचंही तेच. खरं तर जगातलं पहिलं मिठाईच्या चवीचं दही आपलंच म्हणायला हरकत नाही: चक्का, जवळजवळ त्याच्याइतकी साखर, वेलची, केशर. इंग्रजांनी ज्याला ग्रीक म्हणून डोक्यावर घेतलंय तोही चक्काच, आणि त्या एका विशेषणावरून इथे २०१४ पर्यंत कोर्टकज्जे चालले. ग्रीसमध्ये न बनवलेल्या दह्याला इथे 'ग्रीक दही' म्हणायचं नाही असा निकाल लागला. म्हणून बाकीचे सगळे 'ग्रीक पद्धतीचं' असं लिहितात. (आपल्याकडे मार्च २०२३ मध्ये पिशवीवर 'दही' छापायचं की तमिळ-कन्नड शब्द, यावरून दक्षिणेत रान पेटलं होतं तेव्हा इथले सहकारी हसले. मी त्यांना हा निकाल ऐकवला.)

तर श्रीखंड. इथे साखर किती यावरून डब्यावर रंगाची खूण करतात, त्या हिशेबाने श्रीखंडाचा डबा लालभडक होईल, त्यात शंका नाही. पण श्रीखंडाला वार होता. पाडवा आणि दसरा, साडेतीन मुहूर्तांतले दोन. आदल्या रात्री दही फडक्यात बांधून नळाला टांगलेलं, सकाळी पुरणयंत्रातून फिरवताना आईचा हात दुखायचा, मग आमची पाळी. एवढ्या खटाटोपामुळेच ते महिन्यातून चारदा होत नव्हतं. हाताचं दुखणं हाच त्याचा रेशनकार्डाचा कोटा होता. माझ्या टेबलावरच्या सहा डब्यांचा गुन्हा साखर हा नाही. त्यांनी सणाला रोजच्या कपड्यांत आणून बसवलं, आणि वर त्याच्या गळ्यात दह्याची जुनी पुण्याई घातली.

आता 'तुमच्याकडे'बद्दल. इथे पाकिटाच्या दर्शनी बाजूला लाल, पिवळा, हिरवा असे रंग असतात. २०१३ पासूनची पद्धत, सक्तीची नाही, पण बहुतेक मोठी दुकानं पाळतात. ऐकायला फार छान. पण साखरेचा लाल रंग लागतो शंभर ग्रॅमला साडेबावीस ग्रॅमच्या वर गेल्यावर. माझा चौदावाला डबा पिवळा. आमचे सहाच्या सहा पिवळे! साडेतीन चमचे साखर आणि दिवा पिवळा, म्हणजे नाशिकच्या रिक्षावाल्याच्या हिशेबाने, चला, जाऊ द्या. त्या वर्षभरात मीही तो पिवळा बघितला असणार आणि गाडी पुढे काढली असणार. परदेशात सगळं चोख असतं असं मानणाऱ्या माझ्या भावाने हे वहीत लिहून ठेवावं.

एक गोष्ट मात्र इथली खरंच चांगली. ऑक्टोबर २०२२ पासून इंग्लंडमध्ये मोठ्या दुकानांत पैसे द्यायच्या रांगेजवळ, दाराशी आणि फळ्यांच्या टोकाला असले गोड-तेलकट पदार्थ मांडता येत नाहीत. त्याचा कायदा काय आणि कलमं किती हे मला ठाऊक नव्हतं. मला एवढंच जाणवलं की रांगेत लेक रडत नाही. तिथे बॅटऱ्या आणि मासिकं असतात. दर डिसेंबरात पंचवटीत आईकडे गेले की कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात पाच-पाच रुपयांच्या पुड्यांच्या माळा लोंबत असतात. दुकानदाराला त्या बाजूला सारून आपल्याशी बोलावं लागतं. खालचं टोक बरोबर सहा वर्षांच्या पोराच्या नाकापाशी येतं. त्या माळेबद्दल ग्रुपवर आजवर एकही मेसेज आलेला नाही. कोंडाजीच्या चिवड्यात तेल किती यावर मात्र काकांनी तीन परिच्छेद लिहिले. चिवड्याला हात लावायचा नाही, हे मी भावनेच्या भरात लिहितेय, मान्य आहे. इथे 'बॉम्बे मिक्स' नावाने जे विकतात ते खाऊन बघा म्हणजे माझी बाजू कळेल.

आपल्याला खुणा करता येत नाहीत असं तर मुळीच नाही. हिरवा ठिपका घ्या. गेली वीसहून जास्त वर्षं भारतात शाकाहारी पदार्थांच्या पाकिटांवर तो आहे, अक्षरओळख नसलेली माझी मावशीसुद्धा तो शोधते. इथे तशी सक्ती नाही. दह्यात जिलेटिन असू शकतं हे मला या देशात आल्यावर सहा महिन्यांनी, बारीक अक्षरांतली घटकांची यादी वाचताना कळलं, आणि जिलेटिन कशाचं बनतं हे आठवल्यावर उरलेला डबा कचऱ्यात गेला. त्या दिवशी मला तो चौकटीतला हिरवा ठिपका माहेरच्या माणसासारखा आठवला.

आणि द्राक्षं. फेब्रुवारी-मार्चमध्ये इथल्या सुपरमार्केटात अर्ध्या किलोचे डबे येतात, त्यावर बारीक अक्षरांत 'भारत'. निफाड, दिंडोरीकडचे असणार हे मी देठाकडे बघून ओळखते असं सांगते, नवरा विश्वास ठेवत नाही. २०१० साली क्लोरमेक्वाट या फवाऱ्याचे अंश सापडले म्हणून युरोपने आपली द्राक्षं अडवली होती. नाशिकमध्ये त्या हंगामात बागाईतदारांच्या घरात काय झालं ते माझ्या आतेभावाला विचारा. पण निर्यातीच्या द्राक्षांची व्यवस्था बघा: ग्रेपनेट या सरकारी यंत्रणेत बागेची नोंद, प्रयोगशाळेत अंश तपासणी, डब्यावरून थेट प्लॉटपर्यंत मागे जाता येतं. रेडिंगच्या गिऱ्हाइकाला हे मिळतं. त्याच बागेतला माल रविवार कारंज्यावर गाडीवरून घेणाऱ्या माझ्या आईला मिळत नाही. आतेभाऊ म्हणतो, "अगं, तिकडचा माणूस माल परत पाठवतो. आपला माणूस धुऊन खातो."

म्हणून साखरेच्या खुणेचं घोंगडं इतकी वर्षं भिजत पडलंय हे मला पटत नाही. २०२२ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने पदार्थ किती आरोग्यदायी हे पाकिटावर ताऱ्यांनी दाखवायचा मसुदा काढला, अर्ध्या ताऱ्यापासून पाचपर्यंत. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तज्ज्ञ समितीला दर्शनी खुणांबद्दल तीन महिन्यांत शिफारशी द्यायला सांगितलं. ताऱ्यांना माझा सरळ विरोध आहे. आपल्याकडे तारा म्हणजे वहीवर बाईंनी दिलेली शाबासकी. सगळ्यात वाईट डब्यालासुद्धा अर्धी शाबासकी मिळणार. आणि पिवळ्या दिव्याचं काय होतं ते वर सांगितलंच. चमचे छापा. साडेतीन चमचे असतील तर तीन भरलेले आणि एक अर्धा, चित्र काढून, ठिपक्याच्या शेजारी. मावशीला वाचता येईल.

भावाला हे सगळं फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "ताई, तू लेख लिही, ग्रुपवर नको." मग फोन भाचीने हिसकावला. ती पाचवीत आहे, सीबीएसईच्या शाळेत, आणि बोर्डाने मे २०२५ मध्ये शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितल्यापासून तिच्या वर्गात त्याची फार धूम आहे. तिला माझ्या सहा डब्यांच्या झाकणांचे फोटो हवे होते. मी पाठवले. संध्याकाळपर्यंत तिने तक्ता करून उलट पाठवला. कोल्ड्रिंक, बिस्किटं, आत्याची परदेशातली दही, आणि सगळ्यात खाली, आपल्या मनाने, आजीचं श्रीखंड. त्याच्यापुढचे चमचे ओळीत मावले नव्हते म्हणून बाण काढून मागच्या पानावर नेले होते.

मागून आईचा आवाज आला, "पाडव्याला हा तक्ता उतरवून ठेवशील ना गं?"

"नाही आजी," भाची म्हणाली. "त्या दिवशी फक्त तिकडे बघायचं नाही."