पिदहिर्त्सीची गढी नेमकी कुणाची?

आमच्या कोल्हापुरात जुनी माणसं वळिवड्याच्या निर्वासित छावणीतल्या गोऱ्या लोकांना सरसकट 'पोलंडवाले' म्हणायची. १९४३ ते १९४८ या काळात जवळपास ५,००० जण तिथे राहिले. त्यातल्या बऱ्याच जणांची गावं आज पोलंडात नाहीत. ल्विव्हच्या आसपासचा तो मुलूख आता युक्रेनचा. १९४०-४१मध्ये सोव्हिएत राजवटीने तिथून त्यांना सैबेरिया-कझाकस्तानात धाडलं, आणि पुढे इराणमार्गे ते पंचगंगेकाठी आले. ही गावं नकाशावर शोधता शोधता मी पिदहिर्त्सीला पोचलो (बोटानेच, पायांनी नाही).

नावाचा अर्थ 'डोंगरपायथ्याचं गाव', आणि त्याची सगळी ओळख डोंगराच्या कडेवरच्या वास्तूमुळे. लोक तिला किल्ला म्हणतात. मला विचाराल तर ती गढी. आपल्याकडच्या देशमुखांच्या गढीसारखीच: बाहेर खंदक, बुरूज, आत ऐसपैस राहता वाडा. फक्त इथे इटालियन बागाही होत्या. पोलंडचा हेटमन, म्हणजे सरसेनापती, स्तानिस्वाव कोन्येत्सपोल्स्की याने १६३५ ते १६४० या काळात ती बांधून घेतली. आराखडा आंद्रेआ देल्लाक्वा या इटालियनाचा.

गढीचा फोटो कुणी टाकला, की त्याखाली भांडण ठरलेलं. एक म्हणतो पोलंडचा वारसा, दुसरा म्हणतो युक्रेनचा. पहिल्याला एवढंच सांगावंसं वाटतं, की याच हेटमनने युक्रेनच्या लढवय्या कोसॅकांचे उठाव चिरडले. युक्रेनी माणसाने त्याच्या नावाने गहिवरावं कशाला? आणि दुसऱ्याला हे, की बांधणाऱ्याचं नाव पाटीवरून पुसलं म्हणून भिंत आपली होत नाही.

खरी परवड पुढची आहे. १९३९च्या युद्धात शेवटचे मालक सांगुश्को जमेल तेवढा ऐवज घेऊन निघाले आणि तो पार ब्राझीलला पोचला. युद्धानंतर सोव्हिएत सरकारने तिथे क्षयरोग्यांचं आरोग्यधाम केलं. १९५६मध्ये वीज पडून आग लागली, ती कित्येक दिवस धुमसत होती. आतली लाकूडकामाची, रंगकामाची शान तेव्हाच गेली.

माझ्या मते गढीवर हक्क सांगावा तर बोरिस वोझ्नित्स्की यांनी. ल्विव्हच्या कलादालनाचा हा संचालक ओस पडलेल्या देवळांतून, वाड्यांतून मूर्ती-चित्रं गोळा करत अख्खं आयुष्य फिरला. शेजारचा ओलेस्कोचा जुना किल्ला त्यानेच पुन्हा उभा केला, १९९७मध्ये पिदहिर्त्सीही पदरात घेतली. २०१२मध्ये मोटार अपघातात तो गेला. पण पर्यटकांना रस कशात? नवऱ्याने भिंतीत जिवंत चिणलेल्या बायकोच्या भुतात! प्रत्येक गढीला अशी एक बाई लागतेच, आपल्याकडेही. छप्पर शाकारणाऱ्याची दंतकथा मात्र कुणी रचत नाही.

आणि वळिवडं? पोलंडवाले गेल्यावर त्याच बराकींत फाळणीतून आलेली सिंधी कुटुंबं राहिली. तेच आजचं गांधीनगर, आमचा कापडबाजार. परवा शर्टाचं कापड घेताना दुकानदाराला सहज विचारलं, "ही जागा आधी कुणाची होती हो?"

"आमचीच की," म्हणाला, आणि पुढचा तागा उलगडायला घेतला.