मासे मरतायत आणि आपण काठाला टाइल्स लावतोय

आज सकाळी घरामागच्या तलावावर फिरायला गेले आणि फेरी न मारताच परत आले. पायऱ्यांपाशी मासे तरंगत होते, पांढरी पोटं वर. दोन-तीन अजून जिवंत होते, पाण्याबाहेर तोंड काढून धापा टाकत होते. शेजारचे काका नाकाला रुमाल लावून म्हणाले, "कुणीतरी विष टाकलं असणार."

विष कशाला लागतंय? गटाराचं पाणी तलावात येतं, त्यावर शेवाळ पोसतं. दिवसा उन्हात ते प्राणवायू सोडतं, रात्री तेच प्राणवायू ओढतं. त्यात चार दिवस ढगाळ गेले की पहाटेपर्यंत पाण्यात काही उरत नाही. माशांना लिटरमागे निदान 4 मिलिग्रॅम तरी प्राणवायू लागतो. तो मोजायचं यंत्र हातात मावतं. पण टेंडर निघतं ते टाइल्सचं!

लहानपणी आजोबा मला इथेच आणायचे. तेव्हा भिंत नव्हती. चिखल, लव्हाळी, घोट्याएवढं पाणी. "बाळा, पाय जपून टाक, बेडकांची अंडी आहेत." मी खरंच चवड्यांवर चालायचे.

मग सुशोभीकरण आलं. दगडी भिंत सरळ पाण्यात उतरवली. उथळ काठ गेला, सांडपाण्यातला नायट्रोजन-फॉस्फरस शोषून घेणारी लव्हाळी गेली. कारंज्यानं पाण्यात हवा मिसळते, मान्य. पण ते लागतं संध्याकाळी, रंगीत दिव्यांसकट, आणि दहाला बंद. मासे मरतात पहाटे. निदान तीन ते सहा चालवा ना!

आणि आपण तलावांच्या शहरातले. 2022 साली ठाण्याची खाडी रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आली तेव्हा सगळ्यांच्या स्टेटसला रोहित पक्षी होते, माझ्याही. खाडीचा चिखल जपायचा आणि तलावाचा चिखल म्हणजे घाण, हे कसं?

चिडून लिहायला बसले होते, आता नुसतं वाईट वाटतंय. बाप्पाला कृत्रिम तलावात निरोप द्यायला शिकलोच की आपण. मग हेही जमेल.

देवळामागच्या कोपऱ्यात भिंत अजून पोचलेली नाही. आठ-दहा पावलांची लव्हाळी उरली आहेत. आजोबा मला उभं करायचे ती जागा बहुतेक तीच. काल तिथे खडी येऊन पडली आहे. तेवढा कोपरा सोडा, असं पत्र लिहिलंय. उद्या साडेसहाला सह्या घ्यायला तिथेच उभी आहे. देवळाच्या बाजूने या, आणि पाय जपून टाका.