नाव वर की खाली? एका खरमरीत प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा त्यातला निम्मा ओसरला, आणि उरलेल्या निम्म्यावर हे उत्तर लिहितोय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात. टोनी पुरस्कारांत (म्हणजे न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरच्या नाटकांना मिळणाऱ्या पुरस्कारांत) नट 'प्रमुख' की 'सहाय्यक' हे मुळात एका साध्या गोष्टीवरून ठरतं, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं: शुभारंभाच्या प्रयोगाला त्याचं नाव नाटकाच्या नावाच्या वर छापलं होतं की खाली. वर असेल तर प्रमुख, खाली असेल तर सहाय्यक. नियम ओबडधोबड आहे, पण सगळ्यांना सारखा लागतो, म्हणून मला तो चालतो, असंही पुढे म्हटलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं: नावाची जागा करारात ठरते, अभिनयाशी तिचा काडीचा संबंध नाही, त्यापेक्षा रंगमंचावरची मिनिटं मोजा. दुसरं, 'सगळ्यांना सारखा' हे साफ खोटं आहे, 'मटिल्डा' या संगीतिकेतल्या मुलींना विचारा. आणि तिसरं, मी निर्मात्यांची वकिली करतोय.

मिनिटांपासून सुरू करतो, कारण तिथे मी जराही मागे हटणार नाही.

'कॅबरे' या संगीतिकेतला एमसी, म्हणजे क्लबातला सूत्रधार, घ्या. 1967 साली जोएल ग्रेला या भूमिकेसाठी टोनी मिळाला तो सहाय्यक विभागात. 1998 साली त्याच भूमिकेसाठी ॲलन कमिंगला मिळाला तो प्रमुख विभागात. 2024 मध्ये एडी रेडमेनचं नामांकनही प्रमुखमध्येच. आता उलटी गंमत बघा. त्याच नाटकातली घरमालकीण, फ्राउलाइन श्नायडर. 1967 मध्ये लोटे लेन्याला तिच्यासाठी प्रमुख विभागात नामांकन होतं; 1998 मध्ये मेरी लुईस विल्सनला आणि 2024 मध्ये बीबी न्यूवर्थला सहाय्यकमध्ये. एकाच संगीतिकेत एक भूमिका वर चढली आणि दुसरी खाली उतरली. घड्याळ लावून यातलं काय सुटणार होतं? एमसी क्लबातली गाणी म्हणतो, कथेतल्या माणसांशी त्याचा फारसा संवाद नाही. पण एखादा दिग्दर्शक त्याला गाण्यापुरतं आणून विंगेत पाठवतो, तर दुसरा त्याला इतरांच्या प्रसंगांतही कोपऱ्यात उभा करतो, गप्प, नुसता बघत. ती गप्प उभी राहिलेली मिनिटं धरायची की सोडायची? भूमिकेचं वजन संहितेत अर्धंच असतं, उरलेलं तालमीत ठरतं. ज्या दिवशी मिनिटं मोजायचा नियम येईल त्याच दिवशी नट निष्कारण दारात रेंगाळायला लागतील, हे मी तुम्हाला लिहून देतो.

याहून मोठं उदाहरण 'एंजल्स इन अमेरिका'चं. हे दोन भागांचं नाटक. 1993 मध्ये पहिला भाग ब्रॉडवेवर आला तेव्हा रॉय कोन झालेल्या रॉन लीबमनला प्रमुख अभिनेत्याचा टोनी मिळाला आणि प्रायर वॉल्टर झालेल्या स्टीव्हन स्पिनेलाला सहाय्यकाचा. पुढच्या वर्षी दुसऱ्या भागासाठी त्याच स्पिनेलाला, त्याच प्रायरसाठी, प्रमुख अभिनेत्याचा. 2018 मध्ये दोन्ही भाग एकत्र आले तेव्हा प्रायर (अँड्र्यू गारफील्ड) प्रमुखमध्ये जिंकला आणि रॉय कोन (नेथन लेन) सहाय्यकमध्ये. म्हणजे पंचवीस वर्षांत खुर्च्यांची सरळ अदलाबदल.

मूर्खपणा वाटतो ना? मलाही वाटला होता, पण पहिला भाग पुन्हा डोळ्यांसमोर आणा. रॉयचा पहिलाच प्रवेश. टेबलावर अनेक लाइनींचा फोन, एकाला होल्डवर टाकून दुसऱ्याला शिव्या, मध्येच तिसऱ्याला नाटकाची तिकिटं, आणि समोर खुर्चीत जो पिट हा तरुण वकील बिचारा आपली पाळी येण्याची वाट बघतोय. त्या दोन-चार मिनिटांत हा माणूस नाटक खिशात घालतो. प्रायर आपल्या जोडीदाराला अंगावरचा एड्सचा जांभळा डाग दाखवतो तो प्रवेश त्यामानाने किती हळू, बाकावर बसून, अंत्यविधीनंतरच्या रेंगाळलेल्या वेळात. नुसता पहिला भाग बघणाऱ्याला रॉय प्रमुख वाटला तर मी त्याला दोष देणार नाही. दुसरा भाग जोडला की तोच रॉय वाटेत मरतो, आणि शेवटी प्रेक्षकांशी बोलायला उरतो तो प्रायर. दोन्ही निकाल आपापल्या जागी बरोबर होते. नाटकच तेवढं मोठं झालं होतं.

म्हणूनच मला नावाच्या जागेचा नियम आवडतो, असं नव्हे, पण सोसतो. ती जागा करारात ठरते हे तुमचं म्हणणं सोळा आणे खरं. एजंट आणि निर्माता ती घासाघीस करून ठरवतात. पण हे सगळं पडदा वर जाण्याआधी होतं, परीक्षणं छापून येण्याआधी, कुणाला टाळ्या पडल्या हे कळण्याआधी. भूमिका किती मोठी हे तो नियम सांगतच नाही. तो फक्त सुरुवात कुठून करायची ते सांगतो. कुणाला जागा बदलून हवी असेल तर पुरस्कारांच्या प्रशासकीय समितीकडे जायचं, आणि समिती हंगामात काही वेळा बसून असे निर्णय देते.

इथे तुमचा तिसरा आक्षेप येतो, आणि इथे मी ओशाळलो. समितीत चोवीस जण. दहा अमेरिकन थिएटर विंगचे, म्हणजे टोनी सुरू करणाऱ्या संस्थेचे, दहा ब्रॉडवे लीगचे, म्हणजे निर्माते आणि थिएटरमालकांच्या संघटनेचे. उरलेल्या चार जागा नाटककार, दिग्दर्शक, नेपथ्यकार आणि नट यांच्या संघटनांना एकेक. नटांचा विभाग ठरवणाऱ्या चोविसांत नटांच्या संघटनेचा माणूस एक! बरं, समितीकडे विनंती घेऊन जातो तो निर्माता. आणि निर्मात्याला काय हवं असतं हे उघड आहे: आपल्याच नाटकातले दोन नट एका विभागात एकमेकांची मतं खायला नकोत. हे मी लेखात लिहायला हवं होतं आणि लिहिलं नाही. वकिली म्हणा हवं तर. मी त्याला आळस म्हणेन.

आता मुली. लंडनला 'मटिल्डा'मध्ये नायिकेचं काम चार मुली आलटून पालटून करत होत्या, आणि 2012 मध्ये चौघींना मिळून ऑलिव्हिए हा लंडनचा नाट्यपुरस्कार मिळाला, सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा. 2013 मध्ये ब्रॉडवेवर तेच नाटक, पुन्हा चार मुली. टोनीने त्यांना स्पर्धेबाहेर ठेवून वेगळा सन्मान दिला. माझ्या मनात याचं समर्थन तयार होतं: नामांकन देणारा चौघींपैकी एकीलाच बघतो, मग चौघींबद्दल मत कसं देणार? पण 'बिली इलियट' या संगीतिकेत नायकाचं काम तीन मुलगे असेच पाळीपाळीने करत होते आणि 2009 मध्ये त्याच टोनीने तिघांना मिळून प्रमुख अभिनेत्याचा पुरस्कार दिला. चार वर्षांत काय बदललं? तीनचे चार झाले, एवढंच मला दिसतं. 'सगळ्यांना सारखा' हे शब्द लेखातून काढलेत.

(मुलांचा विषय निघालाच आहे तर: 1960 मध्ये 'द साउंड ऑफ म्युझिक'मधल्या सगळ्या भावंडांना मिळून सहाय्यक अभिनेत्रीचं नामांकन होतं. त्यात दोन मुलगेही होते.)

लवचीकपणा मुळीच नको, असंही तुम्हाला म्हणायचं नसावं. एरवी मूळ नटाच्या जागी नंतर आलेल्याला टोनीसाठी उभं राहता येत नाही. पण 1970 मध्ये 'कंपनी' या संगीतिकेचा नायक डीन जोन्स शुभारंभानंतर थोड्याच आठवड्यांत बाहेर पडला, लॅरी कर्टने ते काम उचललं, आणि पुढच्या वर्षी नामांकन कर्टला मिळालं. नियम वाकवला आणि बरं केलं. 'मटिल्डा'साठीही वाकवता आला असता.

स्त्री-पुरुष असे वेगळे विभाग हवेतच का, हा तुमचा ओझरता प्रश्न एका परिच्छेदात मावणारा नाही. ड्रामा डेस्क या न्यूयॉर्कच्याच दुसऱ्या नाट्यपुरस्कारांनी 2023 पासून ते काढून टाकले, टोनीने ठेवले आहेत. त्यावर स्वतंत्र लिहीन.

शेवटी तुम्ही विचारलंय, 'थ्री टॉल विमेन'मधली लॉरी मेटकाफ मी कुठे ठेवली असती? 2018 मध्ये ग्लेंडा जॅक्सन प्रमुखमध्ये जिंकली, मेटकाफ सहाय्यकमध्ये. आणि त्या नाटकाच्या उत्तरार्धात तिन्ही बायका म्हणजे एकच बाई असते, वेगवेगळ्या वयांतली! एकाच बाईच्या म्हातारपणाला प्रमुख आणि मध्यमवयाला सहाय्यक. मी मेटकाफला जॅक्सनच्या शेजारी, प्रमुखमध्येच बसवलं असतं. मग त्या रात्री ती बहुतेक रिकाम्या हाताने घरी गेली असती, आणि तुम्ही मला याहून खरमरीत प्रतिक्रिया लिहिली असती.