नाना गेले, फियाट राहिली

नाना गेले. म्हणजे पुण्याला, मुलाकडे. पण नागपूरच्या धरमपेठेत ही बातमी अशा काही आवाजात फिरली की दोन जण पांढरा सदरा घालून येऊन गेले.

जायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. नाना माझ्याहून सव्वीस वर्षांनी मोठे, आमची दोस्ती बुद्धिबळाच्या पटावरची. मला वाटलं, आठवण म्हणून पट देतील. त्यांनी पुढ्यात किल्ली ठेवली. 1984 सालची प्रीमियर पद्मिनी!

"नाव कंपनीनं काहीही ठेवलं असो, ही फियाट आहे," नाना म्हणाले. मग म्हणाले, "विकायची नाही." मग, "पावसात काढायची नाही." आठव्या-नवव्या अटीला तरी मी किल्ली परत करायला हवी होती. पण पुण्यातल्या सोसायटीत फ्लॅटमागे एकच पार्किंग, आणि त्यात सूनबाईंची गाडी, हे सांगताना नानांचा चेहरा असा झाला की मी किल्ली खिशात टाकून मोकळा झालो.

या गाडीसाठी नानांनी नंबर लावून वर्षं काढली होती. नंबर जवळ आला आणि डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 निघाली. ऑफिसातले म्हणाले, बुकिंग सोडा. नाना म्हणाले, "वालचंदशेठनी विमानाचा कारखाना काढला, जहाजाचा काढला, मग 1944 मध्ये ही मोटारीची कंपनी काढली. सोलापूरचा माणूस! त्याला दगा देऊ?" वालचंद हिराचंद 1953 मध्येच वारले होते. नानांच्या निष्ठेला असल्या किरकोळ गोष्टी आड येत नाहीत.

गाडी नावावर करायला फॉर्म 29 आणि फॉर्म 30 लागतात. माझं आयुष्य एका सहीत बदललं, पण नानांना त्या सहीला तीन दिवस लागले. चेसिस नंबरचा ठसा घ्यायचा होता. मी कागद धरला, नानांनी पेन्सिल आडवी धरून हलक्या हातानं घासली. एकेक आकडा उमटत गेला तसे ते पुटपुटत होते. शेवटचा आकडा उमटल्यावर त्यांनी चष्मा पुसला. शाई-बिई काही उडाली नव्हती.

डॅशबोर्डच्या कप्प्यात तीन वस्तू निघाल्या: एक वही, एक पंचा आणि एक कांदा. कांदा उन्हासाठी, हे नागपूरकराला सांगावं लागत नाही. पण माणसाच्या खिशातला कांदा गाडीच्या कप्प्यात का, हे विचारायचं मला धाडस झालं नाही. वहीत पेट्रोल, ऑइल, हवा, सगळं तारखेनिशी. 23 मे 2013 च्या पानावर एवढंच: "47.9 अंश. गाडीला सुटी."

पंच्याचा उलगडा मे महिन्यात व्हरायटी चौकात झाला. सिग्नल हिरवा झाला, गाडी दोनदा खोकली आणि गप्प. मी घाबरून चोक ओढला. तापलेल्या इंजिनाला चोक म्हणजे घामाघूम माणसाला घोंगडी! मागे हॉर्नचा गजर. एक ऑटोवाला उतरून आला, बोनेट उघडलं आणि म्हणाला, "भाऊ, पंप गरम झाला. फडकं आहे का ओलं?"

याला व्हेपर लॉक म्हणतात. इंजिनाच्या धगीनं पेट्रोलची वाफ होते, पंपाला वाफ ओढता येत नाही, आणि एक हजार एकोणनव्वद सीसीची मर्दुमकी चौकात बसकण मारते. मी पंचा बाटलीतल्या पाण्यानं भिजवून पंपावर ठेवला. चर्र झालं. मग दर दोन मिनिटांनी पट्टी बदलत उभा राहिलो. तोवर पंधरा माणसं जमली. तोंडाला दुपट्टा गुंडाळलेली स्कूटीवरची एक मुलगी म्हणाली, "आमच्या आजोबांची बी अशीच बंद पडे," आणि स्वतःची थंडगार पाण्याची बाटली देऊन गेली. मदत मिळाली, पण सल्ले त्याहून जास्त मिळाले. बायको गाडीतूनच म्हणाली, "मागच्या महिन्यात मला ताप होता, तेव्हा नाही बदलल्या एवढ्या पट्ट्या."

आईचं मात्र गाडीशी जमलं. पोळ्याला तिनं बोनेटला हळद-कुंकू लावलं, आरशांना बेगड चिकटवली, टपावर जुनी शाल झूल म्हणून टाकली. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. गल्लीतली पोरं लाकडी बैल घेऊन आली, बोजारा, म्हणजे बैलाच्या नावानं मिळणारी ओवाळणी, घेतला आणि फियाटकडे बोट दाखवून म्हणाली, "काका, याचा वेगळा द्या न!" दिला. बैल मोठा, तर बोजारा मोठा.

आणि रविवार. सकाळी ठीक आठला पुण्याहून फोन. "चालू कर. फोन बोनेटवर धर." नाना ऐकतात. एकदा म्हणाले, "दुसऱ्या सिलिंडरचं टॅपेट वाजून राह्यलं." मी हसलो. गॅरेजच्या उस्तादनं उघडून पाहिलं, तर दुसऱ्याचंच! दीड हजार गेले, वर उस्ताद मलाच विचारतो, "साहेब, वो डॉक्टर कौन है?"

गेल्या रविवारी गाडी उस्तादकडे होती. हे सांगितलं असतं तर का, कशाला, कोणी हात लावला, अशी उलटतपासणी झाली असती. म्हणून आदल्या रविवारी मोबाइलवर इंजिनाचा आवाज भरून ठेवला होता, तोच बायकोच्या फोनवरून ऐकवला. नानांनी शेवटपर्यंत ऐकला.

"हे मागच्या रविवारचं आहे."

"नाही हो नाना!"

"नागपुरात रात्रीपासून पाऊस चालू आहे, बातम्यांत सांगितलं. तुझ्या शेडच्या पत्र्याचा आवाज कुठं आहे?"

मी गप्प. तिकडूनही बराच वेळ काही नाही. मला वाटलं, आता किल्ली परत मागतात.

"बरं, असू दे," नाना म्हणाले. "पुन्हा लाव एकदा."