कार्तिकवर मरणाऱ्यांनो, जरा मोहनकडेही बघा

मणिरत्नमच्या 'मौन रागम' या तमिळ सिनेमाचा (१९८६) विषय निघाला की गाडी हमखास कार्तिकवर जाते. कॉफी शॉपमध्ये नायिका दिव्याच्या वडिलांना खुशाल 'मिस्टर चंद्रमौली' अशी हाक मारणारा त्याचा तो मनोहर, दिव्याचा लग्नाआधीचा प्रियकर! मान्य, पोरगं जीव लावतं. पण ते सिनेमात आहे किती वेळ? एका फ्लॅशबॅकपुरतं. बाकीचा सिनेमा ज्याने ओढून नेलाय त्या मोहनचं नाव कुणी काढत नाही.

गोष्ट सगळ्यांना माहीतच असेल. मद्रासची दिव्या (रेवती) बघायला येणाऱ्या स्थळाला टाळायला मुद्दाम उशिरा, पावसात भिजून घरी येते. तरी चंद्रकुमार, म्हणजे मोहन, बसूनच आहे. ती त्याला तोंडावर सांगते की मी रागीट आहे, तुम्हाला झेपणार नाही. त्याला नेमकं तेच आवडतं! इथे मी दरवेळी चिडते. समोरची मुलगी धडधडीत नको म्हणतेय आणि तू खूश कसला होतोस, बाबा? पुढे वडिलांना हार्ट अटॅक येतो आणि ती बोहल्यावर चढते. हा हार्ट अटॅक आपल्याकडच्या किती मुलींच्या लग्नाला कारण झालाय, याचा हिशेब कुणीतरी मांडायला हवा.

पण दिल्लीत संसार सुरू झाल्यावर हाच माणूस वेगळा दिसायला लागतो. तो हौसेने विचारतो, तुला भेट म्हणून काय हवं? ती म्हणते, घटस्फोट. १९८६ सालचा तमिळ सिनेमा, नवी नवरी, नवऱ्याने ना मारलंय ना छळलंय, आणि ती घटस्फोट मागते. हा आदळआपट करत नाही, तिच्या माहेरी फोन लावून तक्रारही करत नाही. वकिलाकडे जातो. आणि कायदा आडवा येतो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १४ प्रमाणे, अपवाद सोडले तर, लग्नाला वर्ष झाल्याशिवाय घटस्फोटाचा अर्जच करता येत नाही. एवढ्या कोरड्या कलमावर मणिरत्नमने अख्खी प्रेमकथा उभी केलीय. नको असलेली दोन माणसं एका घरात, तारखेची वाट बघत.

लोक म्हणतात, चंद्रकुमार म्हणजे संत. अजिबात नाही. तो दुखावलेला आहे आणि हट्टी आहे. ती हळूहळू वळायला लागते तेव्हा हा ताठ होतो, टोमणे मारतो, तिला मद्रासला परत पाठवायची तयारी करतो. मला तो आवडतो तो यासाठीच. देवमाणूस असता तर दिव्याला त्याच्या प्रेमात पडण्यावाचून पर्यायच उरला नसता.

कारखान्याच्या भांडणात त्याच्यावर हल्ला होतो आणि ती शुश्रूषा करते, तो भाग मात्र मला ढिला वाटतो. नवरा जखमी झाला की बायकोचं मन पाघळतं, ही जुनीच युक्ती. मनोहरलाही मारूनच टाकलाय, म्हणजे तुलनेचा प्रश्नच मिटला. तो जिवंत असून दारात येऊन उभा राहिला असता तर? तो सिनेमा बघायला मला जास्त आवडलं असतं.

बाकी पी. सी. श्रीराम यांच्या कॅमेऱ्यातली ती दिल्ली आणि इळैयराजांचं संगीत, यावर माझ्यासारखीने काय बोलावं. 'मंड्रम वंद'ची चाल आपल्याला ओळखीची वाटते ती 'चीनी कम'च्या शीर्षकगीतामुळे, पण मूळ गाणं एस. पी. बालसुब्रमण्यम यांच्या आवाजात ऐकाच. जाता जाता एक गंमत: मोहनचा पडद्यावरचा आवाज त्याचा स्वतःचा नाही, एस. एन. सुरेंदर यांचा आहे. इतका कमी बोलणारा नायक, आणि तेही दुसऱ्याच्या गळ्यातून!

आणि हो, ऋषी कपूर-नीलमचा 'कसक' हा याचाच हिंदी रिमेक. तो बघून 'मौन रागम बघितला' असं कमेंटमध्ये लिहाल तर भांडण होईल.